अरबी समुद्राचे पाणी कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात जाते, मग जलचक्राचा हिशेब जुळतो कुठे?

भूगोल_वाई (प्रश्न):

नमस्कार. मी वाई तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. जलचक्राचा पाठ घेताना मी फळ्यावर नेहमीचीच आकृती काढली होती: समुद्र, वर सूर्य, वर चढणारी वाफ, ढग, डोंगर, पाऊस, नदी आणि शेवटी पुन्हा तोच समुद्र. आकृती पाहून आठवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो आणि कृष्णा तर पूर्वेला जाते. मग पाणी त्याच समुद्रात परत कसे जाईल? असे दरवर्षी चालले, तर अरबी समुद्र कमी व्हायला हवा आणि पलीकडचा वाढायला हवा." सगळे समुद्र एकमेकांना जोडलेले असतात, एवढे उत्तर मी दिले. ते चूक नाही, परंतु त्यावर तिचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

आमच्या भागात हा प्रश्न अगदी डोळ्यांसमोर उभा आहे. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांपैकी सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. माथ्यावरचा पाऊस एकच, पण त्याच्या वाटा दोन.

जाणकारांना माझी विनंती आहे की त्यांनी तीन गोष्टी समजावून सांगाव्यात. घाटावर पडणारे पाणी खरोखर अरबी समुद्राचेच असते का? पडलेल्या पाण्यापैकी किती पाणी नदीवाटे समुद्रापर्यंत पोहोचते? आणि दोन समुद्रांमधली ही तफावत भरून कशी निघते? शिवाय एका पावसाळ्यात पडलेले पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत समुद्रात परत जाते, असे पुष्कळ जण गृहीत धरतात. त्यात कितपत तथ्य आहे, हेही समजले तर बरे होईल.

मोसमी_नोंदी (उत्तर):

बाई, तुमच्या विद्यार्थिनीने आकृतीतला कच्चा दुवा अचूक पकडला आहे. आकृतीत पाणी एका ठरावीक वाटेने गोल फिरताना दिसते. प्रत्यक्षात जुळतो तो संपूर्ण पृथ्वीचा एकत्रित हिशेब. एखाद्या समुद्राचा किंवा एखाद्या खोऱ्याचा हिशेब स्वतंत्रपणे जुळलाच पाहिजे असे काही बंधन नाही. पहिल्या प्रश्नापुरते मी लिहितो, जमिनीवरचे आणि समुद्रातले त्या त्या विषयाच्या मंडळींनी लिहावे.

सह्याद्रीवर पडणारे सगळे पाणी अरबी समुद्राचे नसते. दक्षिण गोलार्धातील व्यापारी वारे दक्षिण हिंदी महासागरावरून वाहताना बाष्प गोळा करतात, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात आणि सोमालियाजवळ उजवीकडे वळून अरबी समुद्रावरून भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे येतात. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर सर्वाधिक वेगाने वाहणाऱ्या या प्रवाहाचे सविस्तर वर्णन फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये केले, म्हणून त्याला फिंडलेटर जेट असेही म्हणतात. या प्रवाहात अरबी समुद्रावर नव्या बाष्पाची भर पडते. ती किती, यावर मात्र शास्त्रज्ञांमध्ये बराच काळ मतभेद होते. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळातील निरीक्षणांवरून पी. आर. पिशारोटी यांनी १९६५ मध्ये असे मांडले, की पश्चिम किनाऱ्यावर येणारे बहुतांश बाष्प अरबी समुद्राच्याच बाष्पीभवनाचे आहे. पुढे निरीक्षणे वाढली, तेव्हा विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या बाष्पाचा वाटा त्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळच मोठा असल्याचे दिसून आले. त्यामुळे "कृष्णेत अरबी समुद्राचे पाणी आहे" हे विधान अर्धेच खरे आहे. त्यात मादागास्करच्या पूर्वेकडील समुद्राचेही पाणी आहे.

हे बाष्प घाटाला अडते म्हणजे नेमके काय होते, तेही थोडक्यात सांगतो, कारण मुले बहुधा "ढग डोंगराला आपटतात आणि पाऊस पडतो" असे लिहितात. दमट हवा डोंगराच्या उतारावरून वर चढते, वर दाब कमी असल्याने प्रसरण पावते आणि प्रसरणामुळे थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. बाष्पाचे सांद्रीभवन सुरू झाले, की त्यातून सुप्त उष्णता बाहेर पडू लागते आणि थंड होण्याचा हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. समुद्रावर एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा खर्ची पडलेली असते. तीच ऊर्जा घाटमाथ्यावर ढगात परत मिळते आणि हवेला आणखी वर ढकलते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर सरळ रेषेत जेमतेम २५ किलोमीटरवर असलेल्या वाईत तो हजार मिलिमीटरही भरत नाही. जुलैत वाईचे आकाश दिवसचे दिवस भरलेले असते, ढग पूर्वेकडे धावत असतात आणि खाली नुसती भुरभुर चालू असते. घाट उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, ढगातले थेंब मोठे होण्याआधीच विरू लागतात. पाणी डोक्यावरून जात असते, खाली येत नाही.

आता कालावधीविषयी. वातावरणात कोणत्याही क्षणी असलेले सगळे बाष्प पाणी होऊन पृथ्वीवर सारखे पसरले, तर त्याचा थर सुमारे २५ मिलिमीटरचा होईल. पृथ्वीवर वर्षाला सरासरी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे वातावरणातील पाणी वर्षातून चाळीसेक वेळा बदलते आणि एकदा वर गेलेला रेणू सरासरी नऊ-दहा दिवसांत खाली येतो. आकाशातला मुक्काम इतका अल्प आहे. जमिनीवरचा मात्र तसा नाही.

मुरूम_ते_मांजऱ्या (उत्तर):

वरील उत्तर उत्तम आहे. मी पुढचे, म्हणजे थेंब जमिनीला टेकल्यानंतरचे लिहितो. माझे काम विहिरी आणि भूजल पातळी मोजण्याचे असल्याने ते थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रथम बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब करू. कृष्णेचे खोरे सुमारे २,५९,००० चौरस किलोमीटर आहे आणि खोऱ्याचा सरासरी वार्षिक पाऊस ७८० मिलिमीटरच्या आसपास आहे. या दोहोंचा गुणाकार केला, तर वर्षाला सुमारे २०० घन किलोमीटर पाणी खोऱ्यावर पडते. नदीतून नैसर्गिकरीत्या वाहू शकणारे सरासरी वार्षिक पाणी मात्र केंद्रीय जल आयोगाच्या जुन्या अंदाजाप्रमाणे ७८ घन किलोमीटर आहे. याचा अर्थ असा, की पडलेल्या पावसातला साठ टक्के भाग नदीत येतच नाही. तो माती, पिके, झाडे, तळी यांच्यावाटे पुन्हा आकाशात जातो. जे नदीत येते, त्यातलेही बरेच पाणी धरणे, कालवे आणि उपसा सिंचन यांच्यामार्फत शेतात पसरते आणि तिथून हवेत जाते, त्यामुळे आज समुद्रापर्यंत पोहोचणारे पाणी या आकड्यापेक्षा बरेच कमी असते. "नदी पाणी समुद्रात नेऊन घालते" हे आकृतीतले सर्वात ठळक वाक्य, पण कृष्णेच्या बाबतीत ते पावसाच्या लहान हिश्श्यालाच लागू पडते.

हा हिशेब मांडण्याची पद्धत जुनी आहे. नद्यांना पुरेल इतका पाऊस पडत नाही, नद्यांचे पाणी समुद्रातून भूगर्भातल्या वाटांनी डोंगरात चढत असले पाहिजे, असे युरोपात कित्येक शतके मानले जात होते. फ्रान्समध्ये पिएर पेरो यांनी सेन नदीच्या उगमाकडील भागात पडणारा पाऊस आणि नदीचा वार्षिक प्रवाह यांची तुलना करून १६७४ मध्ये दाखवून दिले, की पाऊस हा प्रवाहाच्या सुमारे सहापट आहे. मुलांना वाईजवळच्या एखाद्या ओढ्यासाठी हाच हिशेब करायला लावता येईल. पावसाचे आकडे तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे मिळतात.

आता जमिनीत मुरणाऱ्या पाण्याविषयी. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग दख्खनच्या काळ्या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांची ही रचना विहीर खोदताना स्पष्ट दिसते. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कधी काळा फत्तर तर कधी मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांमध्ये पांढरी खनिजे भरलेला तुलनेने मऊ खडक, आणि दोन थरांच्या मध्ये एखादा लाल गेरूचा पट्टा. मे महिन्यात जुन्या विहिरीच्या काठावर उभे राहून आत पाहिले, तर बांधकामाच्या खालच्या भिंतीवर एका विशिष्ट उंचीला ओल धरलेली रेघ दिसते, तिच्यावर शेवाळ आणि लहान नेचे उगवलेले असतात आणि त्या रेघेखाली भिंत काळी पडलेली असते. मुरूम संपून अखंड खडक सुरू होतो, ती ही जागा. वरून झिरपत आलेले पाणी खाली जायला वाट नसल्याने आडवे सरकते आणि भिंतीतून बाहेर येते. आपण ज्याला विहिरीचा झरा म्हणतो, तो बहुतेक वेळा हाच असतो.

या खडकात पाणी राहायला जागा फार थोडी आहे. वाळूच्या थरात उपसून घेता येईल असे पाणी त्याच्या घनफळाच्या पंधरा-वीस टक्के असू शकते, आपल्या बेसाल्टमध्ये ते साधारण एक ते तीन टक्केच असते. पावसाचा सुमारे दहावा हिस्सा जमिनीत मुरतो असे धरले, तर ६०० मिलिमीटर पावसातून ६० मिलिमीटर पाणी भूजलात जाते आणि तेवढ्याने विहिरीची पातळी दोन ते सहा मीटर चढते. चांगल्या पावसात विहीर काठोकाठ भरलेली पाहून माणसे समजतात, की आता पाण्याला मरण नाही. वास्तविक तो साठा काही बोटे जाडीच्या पाण्याचा असतो, आणि खडकात जागा नसल्यामुळे तो उंच चढलेला दिसतो. दोन पिकांच्या उपशात तो उतरतो. यावर मी अनेक गावांतील बैठकांत बोललो आहे, आणि भरलेली विहीर दाखवून मला खोटे पाडणारे प्रत्येक ठिकाणी भेटले आहेत.

मुरण्याची वेळही महत्त्वाची आहे. काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल अशा भेगा पडतात. जूनच्या पहिल्या मोठ्या सरी या भेगांतून सरळ खाली जातात. माती फुगली, भेगा मिटल्या, की तीच जमीन पाणी वर धरते आणि ते ओढ्याला लागते. घाटाखाली कोकणात आणि गोव्यात प्रकार वेगळा. तिथला जांभा सच्छिद्र असल्याने पाणी झपाट्याने आत घेतो आणि उतार तीव्र असल्याने तितक्याच झपाट्याने सोडतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावांना एप्रिलमध्ये टँकर लागतो, त्यामागे पावसाचा तुटवडा नसून पाणी थांबण्याच्या काळाचा तुटवडा आहे.

बाईंच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर याच्यातच आहे. आमच्या उथळ जलधरातले, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाच्या थरातले, पाणी काही महिने ते काही वर्षे जमिनीत राहते. ऑक्टोबरनंतर ओढ्याला जे पाणी असते, ते त्या दिवशीच्या पावसाचे नसते, जमिनीतून पाझरून आलेले असते. जगात काही ठिकाणी खोल भूजल हजारो वर्षे जुने असते. म्हणून एका पावसाचे पाणी पुढच्या पावसापर्यंत समुद्रात परत जाते, हे पुराच्या पाण्याला लागू पडेल, सगळ्या पाण्याला नाही.

जाता जाता एक गोष्ट तुमच्या विद्यार्थिनीसाठी. कृष्णेच्या खोऱ्यातले काही पाणी अरबी समुद्राला परतही जाते, मात्र ते माणसाने नेलेले. कोयना महाबळेश्वराहून निघून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्या शिवसागर जलाशयातले पाणी बोगद्यांतून कोकणच्या बाजूला पोफळीकडे उतरवून वीज तयार करतात आणि ते पुढे वाशिष्ठी नदीतून दाभोळच्या खाडीत जाते. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी, म्हणजे सुमारे १.९ घन किलोमीटर पाण्याची मर्यादा घातली आहे.

दोनापावला_भरती (उत्तर):

मी गोव्याचा, समुद्रविज्ञान शिकलेला. तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण या मुलीच्या शंकेत एक गोष्ट अशी आहे, जिच्यावर शास्त्रज्ञांनी खरोखर काम केलेले आहे.

दोन्ही समुद्र एकाच अक्षांशावर आहेत, दोन्हींवर मोसमी वारे वाहतात, तरी त्यांचा स्वभाव निराळा आहे. अरबी समुद्रातून वाफ होऊन जाणारे पाणी हे त्यावर पडणारा पाऊस आणि त्याला मिळणाऱ्या नद्या यांच्या बेरजेपेक्षा अधिक आहे. बंगालच्या उपसागराला गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा यांचे पाणी मिळते आणि त्यावर पाऊसही भरपूर पडतो. वाफ होताना मीठ मागे राहते, म्हणून याचा परिणाम क्षारतेत दिसतो. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर एक किलो पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, तर उपसागराच्या उत्तर भागात ते ३३ ग्रॅमहून कमी, आणि पावसाळ्यानंतर गंगेच्या मुखाकडे त्याहूनही बरेच कमी असतात.

आता "पलीकडचा वाढायला हवा" याविषयी. सर्वे ऑफ इंडियाने एकोणिसाव्या शतकात देशभर समतलन करून उंच्या मोजल्या, तेव्हा पूर्व किनाऱ्यावरची सरासरी समुद्रसपाटी पश्चिम किनाऱ्यापेक्षा उंच असल्याचे आढळले होते. मुंबई आणि विशाखापट्टणम यांच्यातला हा फरक सुमारे ३० सेंटिमीटरचा आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये त्याचे कारण मांडले, ते असे: कमी क्षारतेचे पाणी हलके असते, तेवढ्याच वजनाला अधिक जागा घेते, म्हणून उपसागराची पातळी उंच राहते. तेव्हा मुलीला सांगा, की पलीकडचा समुद्र खरोखर किंचित उंच आहे. मात्र तो दरवर्षी आणखी वाढत जात नाही, कारण जास्तीचे गोडे पाणी तिथे साचून राहत नाही.

ते जाते कुठे, तर श्रीलंकेला वळसा घालून. जून ते सप्टेंबर या काळात श्रीलंकेच्या दक्षिणेकडून प्रवाह पूर्वेकडे वाहतो आणि अरबी समुद्राचे खारट पाणी उपसागरात शिरते. नोव्हेंबरपासून दिशा उलटते. पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे येणारा प्रवाह उपसागराचे कमी खारट पाणी घेऊन श्रीलंकेला वळसा घालतो आणि ते केरळच्या किनाऱ्याने उत्तरेकडे सरकते. हिवाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत पाण्याची क्षारता उतरते, त्यात कृष्णा-गोदावरीच्या पाण्याचाही अंश असतो. वाईहून पूर्वेला गेलेले पाणी अशा रीतीने दक्षिणेकडून परत पश्चिमेला येते. या दोन समुद्रांखेरीज विषुववृत्तापलीकडील हिंदी महासागराशीही देवाणघेवाण चालूच असते, त्यामुळे त्याच रेणूची वाट दाखवता येणार नाही. पाण्याच्या एकूण जमाखर्चाची दाखवता येते.

भूगोल_वाई:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ३० सेंटिमीटरच्या फरकाबद्दल मला काहीच कल्पना नव्हती; उद्या वर्गात पहिल्यांदा तेच सांगणार आहे. आणखी दोन शंका आहेत. पाण्याचा रेणू तर सगळीकडे सारखाच, मग हे बाष्प या समुद्राचे आणि ते त्या समुद्राचे, असे ओळखतात कसे? आणि खोऱ्यातले साठ टक्के पाणी पुन्हा हवेत जाते म्हणता, तर त्याचाच पाऊस आपल्यावर पुन्हा पडतो का?

मोसमी_नोंदी:

पहिल्या शंकेपुरते: रेणू सगळे सारखे नसतात. पाण्याच्या काही रेणूंमध्ये ऑक्सिजन-१८ किंवा ड्युटेरियम ही जड समस्थानिके, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचेच वजनाने जड अणू, असतात. वाफ होताना हलके रेणू अधिक सहज निघून जातात आणि पाऊस पडताना जड रेणू आधी खाली येतात. त्यामुळे बाष्प जितके पुढे जात, पाऊस पाडत जाते, तितके ते उत्तरोत्तर हलके होत जाते. जगभरच्या पावसात या दोन समस्थानिकांचे परस्परांशी ठरावीक नाते असते, हे हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवले. तळ्यावरून किंवा ओल्या जमिनीवरून वाफ झालेले पाणी त्या नात्यातून थोडे बाजूला सरकते, आणि त्यावरून ते ओळखू येते. भूजलाचे वय काढायला अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास पावसात कमालीचे वाढलेले ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सर्गी समस्थानिक, हेही उपयोगी पडले. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे. आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेने या समस्थानिकांवर मोठे काम केले आहे.

कोरडवाहू_माण:

चर्चा वाचली, माहिती चांगली आहे. परंतु बाईंच्या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले पाहिजे, कारण आमच्या माण तालुक्यात गेली कित्येक वर्षे प्रत्येक वृक्षारोपणाच्या फलकावर "झाडे लावा, पाऊस येईल" असे लिहिलेले असते. आम्ही झाडे लावली, ती जगवलीही, आणि पाऊस आहे तितकाच आहे. मग हे साठ टक्के पाणी कोणाच्या शेतावर पडते, ते तरी कळू द्या.

मोसमी_नोंदी:

दादा, तुमची तक्रार रास्त आहे. जुलै महिन्यात दीड किलोमीटर उंचीवर वारा सेकंदाला १० मीटर वेगाने वाहत असेल, तर तो दिवसाला सुमारे ८६० किलोमीटर जातो. माणच्या झाडाने सकाळी सोडलेले बाष्प दुसऱ्या दिवशी आंध्राच्या किनाऱ्यापलीकडेही गेलेले असेल. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मापाने पाहिले, तर आपण लावलेल्या झाडांचा पाऊस आपल्याच शिवारात पडण्याचा संभव नगण्य आहे, आणि फलकावर तसे लिहिणे योग्य नाही.

मोठ्या मापाने पाहिले, तर चित्र बदलते. भारतीय उपखंडात जमिनीवरून परत वर गेलेल्या बाष्पाचा पावसातला वाटा जूनमध्ये अल्प असतो, कारण तेव्हा जमीन कोरडी आणि समुद्राकडून येणारा प्रवाह जोरदार असतो. सप्टेंबरमध्ये जमीन ओली, पिके आणि जंगले भरात, वारे मंदावलेले. तेव्हा हा वाटा वाढतो, आणि गंगेच्या खोऱ्यात तर तो सुमारे पावभागापर्यंत जात असल्याचे आयआयटी मुंबईतील संशोधकांनी दाखवले आहे. त्याच संस्थेतील दुसऱ्या अभ्यासानुसार पश्चिम घाटाच्या जंगलांनी सोडलेल्या बाष्पाचा नैर्ऋत्य मोसमी काळात तमिळनाडूवर पडणाऱ्या पावसात लक्षणीय वाटा असतो. घाटातली झाडे तुटली, तर तोटा प्रथम तिकडे जाणवेल. माणच्या झाडांची सावली, चारा आणि मातीची धूप थांबवणे ही कारणे पुरेशी आहेत. त्यांना पावसाचे आमिष जोडण्याची आवश्यकता नाही.

मुरूम_ते_मांजऱ्या:

बाई, झाडे पाणी सोडतात हे वर्गात दाखवायचे असेल, तर कडुलिंबाच्या पानांनी भरलेल्या एका डहाळीला सकाळी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवून तोंड सुतळीने आवळून बांधा आणि शेजारीच पाने काढलेल्या डहाळीलाही तशीच पिशवी बांधा. दुपारपर्यंत पहिल्या पिशवीच्या खालच्या कोपऱ्यात पाणी जमलेले दिसेल, दुसऱ्या पिशवीत फार तर किंचित दमटपणा. पिशवी संध्याकाळी काढायला विसरू नका, पाने करपतात.

कोरडवाहू दादांनी विचारलेल्याला थोडी पुस्ती जोडतो. एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक मिलिमीटर बाष्पीभवन झाले, तर दहा लाख लिटर पाणी जाते. वेधशाळेतल्या बाष्पीभवन पात्रात उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडते. मोठ्या जलाशयावर त्याच्या सुमारे सत्तर टक्के धरतात. म्हणजे एका चौरस किलोमीटर जलाशयावरून दिवसाला ५५ ते ७० लाख लिटर. पैठणच्या जायकवाडीसारख्या पसरट आणि उथळ जलाशयाला याची झळ सर्वाधिक बसते, कारण त्याचे क्षेत्र पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर असते. म्हणून माणसारख्या भागात माझा आग्रह असतो, की तेवढेच पाणी उघड्या तळ्यात धरण्याऐवजी शक्य तितके मुरूमात उतरवावे. मात्र त्यासाठी खालचा खडक आधी तपासावा लागतो. काळ्या फत्तरावर खोदलेला चर पाणी मुरवत नाही, ते नुसते उन्हात ठेवतो.

कोरडवाहू_माण:

आमच्याकडे ओढ्याच्या वरच्या अंगाला मुरूम दीड-दोन पुरुष खोल आहे आणि खालच्या अंगाला फत्तर उघडा पडला आहे. चर मात्र सगळे खालच्या अंगाला, रस्त्यावरून दिसतील असे खोदले आहेत. तुम्ही लिहिलेले पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवतो.